क्रँकचा आस आणि त्याच्या वाट्या

कुंभकोणमहून कोल्लिडम नदीवरील अणैक्करैच्या बंधाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चोळपुरम् नावाचे एक लहान गाव आहे. राजेंद्र चोळाने आपली राजधानी वसविली ते गंगैकोंडचोळपुरम् निराळे. ते कोल्लिडमच्या उत्तरेस आहे. चोळपुरम् कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेले असून नदीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाचा हा प्रदेश जवळजवळ सपाट आहे. १८३६ मध्ये आर्थर कॉटन या अभियंत्याच्या देखरेखीखाली अणैक्करै येथे बंधारा झाला. परंतु कालव्यांनी पाणी फिरविण्याची या प्रदेशाची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. भाताची खाचरे, त्यांच्यामधून गेलेले पाट आणि पाटांच्या बांधांवरून जाणाऱ्या अरुंद वाटा हे येथील नेहमीचे दृश्य होय.

असा प्रदेश सायकलीसाठी जणू मुद्दाम घडविलेला असतो. चढ नाहीत, त्यामुळे गिअरची आवश्यकता नाही. वाटा अरुंद आहेत, त्यामुळे मोठ्या वाहनांचा उपयोग नाही. आज मोटारसायकली सर्वत्र झाल्या असल्या, तरी शेतावर जाणारा मजूर, दूध किंवा भाजी पोहोचविणारा विक्रेता आणि शाळेत जाणारी मुले यांच्यापैकी अनेकांचा दिवस सायकलीवरच सुरू होतो. अशा माणसाची सायकल एके दिवशी आवाज करू लागते. पेडलाच्या प्रत्येक फेऱ्याला पायाखालून ‘कट्’ असा आवाज येतो, दातेरी चक्र किंचित डोलते आणि साखळी मधूनच घसरते. हा आवाज कोठून येतो, तो का सुरू होतो आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

सांध्याची रचना

सायकलीच्या सांगाड्यातील तीन मुख्य भाग एके ठिकाणी येऊन मिळतात: हँडलकडून खाली येणारी नळी, बैठकीखालची उभी नळी आणि मागील चाकाकडे जाणारी नळ्यांची जोडी. त्यांच्या संगमावर एक आडवे, आखूड नळकांडे असते. बहुतेक सायकलींत त्याची रुंदी ६८ मिलिमीटर असते. या नळकांड्यातून पोलादाचा एक आस आरपार जातो आणि त्याच्या दोन टोकांना दोन क्रँक, म्हणजे पेडलांचे दांडे, बसविलेले असतात. उजव्या क्रँकला दातेरी चक्र जोडलेले असते. या संपूर्ण सांध्याला इंग्रजीत ‘बॉटम ब्रॅकेट’ असे नाव आहे. सायकल दुरुस्त करणारे मिस्त्री त्यातील आद्याक्षरे घेऊन त्याला नुसते ‘बी. बी.’ म्हणतात.

नळकांड्याच्या दोन्ही तोंडांना आतून आटे पाडलेले असतात व त्यांत एकेक पोलादी वाटी फिरवून बसवितात. वाटीच्या आतील बाजूस गोलाईदार खोबण असते. आसावरही, टोकांपासून थोडे आत, तसेच दोन उतरते कंगोरे असतात. वाटीची खोबण आणि आसाचा कंगोरा यांच्यामधील पोकळीत पोलादाचे छरे भरलेले असतात. प्रत्येक छऱ्याचा व्यास पाव इंच असून सुटे छरे भरल्यास एका बाजूस सामान्यतः ११ छरे बसतात. आस फिरू लागला की छरे वाटी आणि कंगोरा यांच्यामध्ये गडगडत जातात. या रचनेस गोलक धारवा, म्हणजेच बॉल बेअरिंग, असे म्हणतात.

दोन वाट्यांपैकी उजवीकडील वाटी पक्की आवळून ठेवलेली असते. डावीकडील वाटी मात्र आत-बाहेर सरकविता येते आणि योग्य जागी आल्यावर बाहेरून एक लॉक-रिंग आवळून ती स्थिर करतात. सांध्याचा घट्टपणा किंवा सैलपणा या डाव्या वाटीवरून ठरतो. त्रास असलेली सायकल पुढे येताच अनुभवी मिस्त्री आधी याच बाजूकडे पाहतो, त्याचे कारण हेच.

घसरण्याऐवजी गडगडणे

कुंभकोणमच्या पश्चिमेस थोड्या अंतरावर दारासुरम् येथे दुसऱ्या राजराज चोळाच्या काळी, बाराव्या शतकात, बांधलेले ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या पुढील मंडपाला रथाचा आकार दिलेला असून बाजूंना दगडी चाके व धावणारे घोडे कोरलेले आहेत. शिल्पकारांपुढे त्या काळचे खरे लाकडी रथ होते. रथाच्या चाकाचा तुंबा आसावर थेट फिरतो. तेथे एक पृष्ठभाग दुसऱ्यावर घासत जातो आणि त्यांच्यामध्ये वंगण असले, तरी भाराचा बराचसा हिस्सा घर्षणावर मात करण्यात खर्च होतो. वंगण लावलेल्या घसरत्या सांध्यात हा हिस्सा साधारणपणे शंभरात पाच ते दहा असतो. चांगल्या गोलक धारव्यात तो हजारात एक-दीड इतकाच असतो. ज्या यंत्राला केवळ माणसाच्या पायांचे बळ मिळते, त्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो.

गोलक धारव्याची कल्पना सायकलीहून जुनी आहे. वेल्समधील फिलिप व्हॉन यांनी गाडीच्या आसासाठी तिचे एकस्व १७९४ मध्येच घेतले होते. परंतु तिचा खरा प्रसार सायकलीमुळे झाला. पॅरिसमधील ज्यूल सुरिरे या सायकल-कारागिराने १८६९ मध्ये अशा धारव्याचे एकस्व मिळविले आणि त्याच वर्षी पॅरिस ते रूआँ ही शर्यत जेम्स मूर यांनी जिंकली ती गोलक धारवे असलेल्या सायकलीवर. एक अडचण तरीही उरली होती. सर्व छरे अगदी एकाच मापाचे व पूर्ण गोल असल्याखेरीज त्यांच्यावर भार सारखा वाटला जात नाही. हातांनी असे छरे घडविणे अशक्यप्राय होते. जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिख फिशर यांनी १८८३ मध्ये छरे घासून एकसारखे गोल करणारे यंत्र तयार केले, तेव्हा ही अडचण दूर झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडात आली. पेडले सांगाड्याच्या मध्यभागी आणि तेथून साखळीने मागचे चाक फिरविणे ही आजची मांडणी तिच्यामुळे रूढ झाली. पेडले पुढच्या चाकावरून मध्यभागी आल्याबरोबर क्रँकच्या आसाला या यंत्रातील सर्वांत अवघड कामगिरी मिळाली.

आसावरील भार

ही कामगिरी अवघड का, हे थोड्या हिशेबाने कळते. पेडलाचा मध्य जवळच्या धारव्यापासून सुमारे १० सेंटिमीटर बाहेर असतो आणि दोन धारव्यांमधील अंतर जेमतेम साडेपाच सेंटिमीटर असते. ६० किलो वजनाचा मनुष्य एका पेडलावर उभा राहिला, तर तरफेच्या नियमाप्रमाणे त्या बाजूच्या धारव्यावर सुमारे १७० किलोचा भार खालच्या दिशेने पडतो. पलीकडचा धारवा त्याच वेळी सुमारे ११० किलोच्या जोराने वर उचलला जातो. साखळीचा ताण याशिवाय आणखी असतो. एवढा भार पाव इंची छऱ्यांपैकी काही थोड्यांवर येतो आणि प्रत्येक छरा वाटीला एका बारीक ठिपक्याएवढ्या जागेतच टेकलेला असतो.

आता फेऱ्यांची संख्या पाहू. पुढील चक्राला ४४ व मागील चक्राला १८ दाते आणि २६ इंची चाक असलेली सायकल पेडलाच्या एका फेऱ्यात सुमारे ५ मीटर पुढे जाते. रोज १० किलोमीटर जाणाऱ्याचे २,००० फेरे होतात. वर्षातील ३०० दिवस धरले तर ६ लाख. प्रत्येक फेऱ्यात दोनदा, एकदा उजव्या पायाने व एकदा डाव्या पायाने, हा भार आसावर येतो.

यात एक गोष्ट विशेष आहे. उजवा पाय दाबतो तेव्हा डाव्या टोकाला आस वर उचलला जातो आणि अर्ध्या फेऱ्यानंतर डावा पाय दाबतो तेव्हा तेच टोक खाली दाबले जाते. परंतु मधल्या अर्ध्या फेऱ्यात आसही उलटलेला असतो. त्यामुळे आसाची जी बाजू आधी वर दाबली गेली, तीच आता खाली दाबली जाते. म्हणजे वाटी वरून व खालून आळीपाळीने झिजते, पण आसाची मात्र एकच बाजू सतत मार खाते. जुना आस काढून पुसून पाहिला, तर कंगोऱ्याच्या एका अंगाला खड्डे आणि दुसरे अंग जवळजवळ नवे असे पुष्कळदा आढळते.

झीज कशी वाढत जाते

चांगल्या वंगणात फिरणाऱ्या कठीण पोलादालाही अखेर थकवा येतो. पुनःपुन्हा दाबल्या गेलेल्या पृष्ठभागाखाली सूक्ष्म तडे जातात, त्यांतून बारीक कपचे निघतात आणि खड्डे पडतात. स्वीडनमधील लुंडबर्ग आणि पामग्रेन यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार गोलक धारव्यावरील भार दुप्पट झाला, तर त्याचे आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते. झीज एकदा सुरू झाल्यावर ती झपाट्याने का वाढते, याचे उत्तर या नियमात आहे. सांधा सैल झाला की सगळे छरे एकाच वेळी टेकत नाहीत. जे टेकतात त्यांच्यावर भार वाढतो, ते अधिक लवकर खड्डे पाडतात, निघालेले कपचे वंगणात मिसळून इतर छऱ्यांखाली चिरडले जातात आणि सैलपणा आणखी वाढतो.

कावेरीच्या मुखाकडील प्रदेशात या कारणात पाण्याची भर पडते. येथे पावसाचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर असतो. त्या दिवसांत बांधांवरील वाट चिखलाची होते आणि पाटाचे पाणी ओलांडताना सायकलीचा तळ पाण्यात जातो. शिवाय बैठकीखालील नळीच्या तोंडातून शिरलेले पाणी नळीच्या आतून उतरते ते नेमके या नळकांड्यात येऊन साठते. पाण्याने वंगण धुपते, गंज चढतो आणि गाळाचे कण घासकामाच्या भुकटीप्रमाणे काम करतात. अशा स्थितीत सांधा धातूच्या थकव्यापर्यंत टिकतच नाही. त्याआधीच तो खरवडला जातो.

तरीही या रचनेत एक शहाणपण आहे. छरे स्वस्त, वाट्या व आस त्याहून थोडे महाग आणि सांगाडा सर्वांत महाग, अशी येथे उतरंड आहे. झीज आधी स्वस्त भागांवर यावी आणि सांगाडा सुरक्षित राहावा, असाच हा सांधा आखलेला आहे. ही योजना सफल होण्यास अट एकच: झिजलेले भाग वेळेवर बदलले पाहिजेत. सैल वाटीवर महिनोन् महिने सायकल चालविली, तर वाटी नळकांड्याचे आटे खाऊ लागते. आटे गेले की नवी वाटी धरत नाही. मग दुरुस्ती छऱ्यांची न राहता सांगाड्याची होते आणि जुन्या सायकलीच्या बाबतीत तिचा खर्च सायकलीच्या किमतीएवढा होऊ शकतो.

डोंगर नसलेल्या प्रदेशातील डोंगरी सायकल

चोळपुरम्‌सारख्या गावात दोन प्रकारच्या जुन्या सायकली दिसतात. एक, परंपरागत काळी उंच सायकल. दुसरी, जाड टायरांची, सरळ हँडलची आणि ठेंगण्या सांगाड्याची ‘माउंटन बाइक’. आसपास टेकडीही नसताना ही डोंगरी सायकल येथवर कशी आली, याची कथा थोडक्यात अशी.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मरीन नावाचा एक विभाग आहे. तेथील काही तरुण १९७० नंतरच्या दशकात माउंट तमालपाइसच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवरून जुन्या जाड टायरांच्या सायकली भरधाव उतरवीत असत. १९७६ पासून त्यांनी ज्या उतारावर शर्यती घेतल्या त्याचे नाव ‘रीपॅक’ पडले. कारण एका उतरणीत मागील ब्रेक इतका तापे की त्याचे ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या कामासाठी खास सांगाडा घडविला. गॅरी फिशर, चार्ल्स केली आणि टॉम रिची यांनी १९७९ पासून अशा सायकलींचा व्यवसाय सुरू केला आणि १९८१ मध्ये ‘स्टम्पजम्पर’ ही सायकल मोठ्या संख्येने तयार होऊन बाजारात आली.

भारतात तोपर्यंत सायकलीचा उद्योग स्थिरावला होता. मुरुगप्पा उद्योगसमूह आणि इंग्लंडातील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांनी मिळून १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स ही कंपनी स्थापन केली. अंबत्तूर येथील तिच्या कारखान्यातून हर्क्युलिस, फिलिप्स आणि बी. एस. ए. या नावांच्या सायकली निघत. लुधियानाची हीरो सायकल्स १९५६ मधील. विसाव्या शतकाच्या अखेरीस या कारखान्यांनी जाड टायरांच्या सायकली काढल्या. हीरोची ‘रेंजर’ आणि हर्क्युलिसची ‘एम. टी. बी.’ ही नावे त्या काळच्या मुलांच्या तोंडी असत. त्यांचे बाह्य रूप अमेरिकन असले, तरी अशा बऱ्याच सायकलींचा तळाचा सांधा मात्र जुन्या काळ्या सायकलीचाच होता: तेच पाव इंची छरे, त्याच वाट्या आणि क्रँक धरून ठेवणारी तीच कॉटर पिन. त्यामुळे पंचवीस-तीस वर्षांच्या ‘रेंजर’लाही गावातील कोणताही मिस्त्री दुरुस्त करू शकतो. परदेशी बनावटीच्या जुन्या डोंगरी सायकलींत कॉटरऐवजी आसाचे टोक चौकोनी व निमुळते असते आणि क्रँक त्यावर बोल्टने दाबून बसविलेला असतो. ही पद्धत फ्रान्समधील स्ट्राँगलाइट कंपनीने १९३३ मध्ये आणली. क्रँक काढण्याची रीत एवढाच दोहोंतील मुख्य फरक. आतील वाट्या व छरे सारखेच.

दोष ओळखणे

आवाज आला म्हणजे धारवाच गेला, असे नव्हे. प्रथम साखळी चक्रावरून उतरवावी. दोन्ही क्रँक हातांत धरून ते सांगाड्याच्या दिशेने आडवे हलवून पाहावेत. दोन्ही एकदम हलत असतील, तर धारवा सैल आहे. एकच हलत असेल, तर त्याची कॉटर पिन झिजलेली आहे आणि केवळ ती बदलल्याने काम भागेल. नंतर क्रँक सावकाश फिरवावा. हाताला खरखर जाणवत असेल, तर वाट्यांत खड्डे पडले आहेत किंवा आत गाळ गेला आहे. क्रँक मोकळेपणाने फिरतो, पण बाजूला हलतो, अशा वेळी डावी वाटी थोडी आत घेऊन आवळली तरी पुरते. काही जुन्या सायकलींच्या नळकांड्याला तेल घालण्यासाठी झाकणी असलेले लहान छिद्र असते. त्यातून तेलाचे थेंब सोडल्याने आवाज काही दिवस कमी होतो. पण पडलेले खड्डे तेलाने भरून निघत नाहीत.

उलगडण्याची रीत

कॉटर पिन ही एका अंगाला उतार दिलेली, सामान्यतः साडेनऊ मिलिमीटर जाडीची पाचर असते. ती काढताना तिची चाकी पूर्ण न काढता आट्यांच्या टोकापर्यंत सैल करावी, म्हणजे हातोड्याच्या घावाने आटे चेपत नाहीत. क्रँकखाली लोखंडी नळीचा भक्कम टेकू जमिनीवर उभा करावा आणि मग एकच जोरदार घाव द्यावा. टेकू नसेल, तर घावाचा सगळा जोर छऱ्यांतून वाट्यांवर जातो आणि शाबूत असलेल्या वाटीतही खड्डे उमटतात. हलके घाव पुनःपुन्हा घालण्याने पिन निघत नाही, उलट तिचे डोके पसरते.

दोन्ही क्रँक निघाल्यावर डावीकडील लॉक-रिंग सोडवून डावी वाटी काढावी. तिचे आटे नेहमीसारखे, म्हणजे डावीकडे फिरविल्यास सुटणारे, असतात. सुटे छरे खाली पडून हरवू नयेत म्हणून आधी खाली फडके अंथरावे. आस बाहेर काढताना त्याचे लांब टोक कोणत्या बाजूस आहे हे पाहून ठेवावे. चक्राकडील टोक बहुधा लांब असते. आस उलटा बसल्यास साखळीची रेषा बिघडते.

उजव्या वाटीच्या बाबतीत मात्र नवशिका हमखास फसतो. प्रचलित इंग्रजी पद्धतीच्या सायकलींत तिचे आटे उलटे असतात. ती उजवीकडे फिरविल्यास सुटते. सवयीप्रमाणे डावीकडे जोर लावल्यास ती अधिकच आवळली जाते. या उलट्या आट्यांचे कारण मनोरंजक आहे. मूठ सैल मिटून तिच्यात पेन्सिल धरावी आणि पेन्सिलीचे मोकळे टोक दुसऱ्या हाताने वर्तुळात फिरवावे. टोक ज्या दिशेने फिरते, त्याच्या उलट दिशेने पेन्सिल स्वतःभोवती किंचित वळते, असे दिसून येईल. सांध्यातील जोराची दिशा अशीच आसाबरोबर फिरत असते आणि आट्यांमध्ये केसाएवढी फट असली, तरी वाटी नळकांड्याच्या आतल्या अंगावर उलट दिशेने लोळू पाहते. उजवीकडे उलटे आटे ठेवल्यामुळे हे लोळणे वाटीला सोडविण्याऐवजी आवळते. इटालियन पद्धतीत दोन्ही बाजूंचे आटे सारखेच असतात आणि त्या सायकलींची उजवी वाटी आपोआप सुटण्याची तक्रार जुनी आहे. पेडलांच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो. विमानाचे जनक राइट बंधू मूळचे सायकल-कारागीर. त्यांनी १९०० च्या सुमारास आपल्या सायकलींच्या डाव्या पेडलाला उलटे आटे दिले होते.

उजवी वाटी पुसून दिव्याखाली पाहावी. तिची खोबण गुळगुळीत असेल, तर ती काढण्याची आवश्यकता नाही. खड्डे असतील, तर काढलीच पाहिजे.

जुळवणी

नळकांडे आतून रॉकेलने धुऊन कोरडे करावे व आटे ब्रशने साफ करावेत. नवा आस घेताना जुना सोबत न्यावा आणि दोन्हींची पूर्ण लांबी व कंगोऱ्यांमधील अंतर ताडून पाहावे. दिसण्यात सारखे असलेले आस मापात पुष्कळदा वेगळे निघतात. छरे सर्वच्या सर्व नवे आणि एकाच पुडीतील घ्यावेत. जुने चांगले दिसतात म्हणून ठेवणे आणि हरवलेल्यांपुरतेच नवे घालणे ही काटकसर अंगाशी येते. नवा छरा जुन्यापेक्षा मिलिमीटरच्या शतांशाने जरी मोठा असला, तरी सगळा भार त्याच्यावर येतो. फिशर यांच्या यंत्राने जे साधले, ते एका चुकीच्या छऱ्याने वाया जाते.

दोन्ही वाट्यांत ग्रीस भरपूर भरावे. छरे त्यात चिकटून राहतात व बसविताना गळत नाहीत. छऱ्यांचे कडे पूर्ण झाल्यावर थोडी फट उरली पाहिजे. एक छरा जास्तीचा कोंबल्यास ते फिरण्याऐवजी एकमेकांवर घासतात. आस घालून डावी वाटी हाताने शेवटपर्यंत फिरवावी आणि सैलपणा जाईपर्यंत पान्ह्याने आत न्यावी. नंतर ती किंचित मागे घेऊन, पान्ह्याने तशीच धरून, लॉक-रिंग आवळावी. आवळताना वाटी जराशी वळतेच. म्हणून पुन्हा तपासावे लागते. दोन-तीनदा असे करावे लागल्यास त्यात वावगे काही नाही. आस बोटांनी मोकळेपणी फिरावा, पण बाजूला हलू नये, ही कसोटी होय. फार घट्ट सांधा सैल सांध्याइतक्याच लवकर खराब होतो.

कॉटर पिना नेहमी नव्या वापराव्यात आणि त्या परस्परविरुद्ध दिशांनी घालाव्यात. दोन्हींची दिशा एकच राहिली, तर क्रँक एका सरळ रेषेत येत नाहीत. पिन हातोड्याने, पुन्हा क्रँकखाली टेकू देऊन, ठोकून बसवावी. चाकीने ओढून बसवू पाहिल्यास आटे तुटतात. काही किलोमीटर सायकल चालवून झाल्यावर पिन पुन्हा एकदा ठोकून चाकी आवळावी. पहिल्या दिवशी न आवळलेली पिनच पुढे सर्वाधिक त्रास देते.

सीलबंद धारवे

१९९० नंतर सुट्या छऱ्यांऐवजी सीलबंद धारव्यांचे तयार नळकांडे बसविण्याची पद्धत जगभर पसरली. आस, छरे आणि ग्रीस हे सर्व त्यात बंदिस्त असते. पाणी व चिखल आत जात नाही, जुळवणीचे कौशल्य लागत नाही आणि खराब झाल्यावर संपूर्ण नळकांडे टाकून नवे घालतात. इंग्रजी मापाचे आटे शाबूत असतील, तर जुन्या डोंगरी सायकलीतही ते बसते. मात्र त्याचा आस चौकोनी टोकाचा असल्यामुळे कॉटरचे क्रँक त्यावर चालत नाहीत आणि दोन्ही क्रँक बदलावे लागतात. पाण्यातून नेहमी जाणाऱ्या सायकलीला हा खर्च परवडणारा ठरू शकतो. परंतु सुट्या छऱ्यांच्या सांध्यात एकच भाग बदलता येतो, तो तालुक्याच्या बाजारात मिळतो आणि काम आपल्या डोळ्यांदेखत होते. ज्याच्यापाशी पैसा थोडा व वेळ थोडा अधिक आहे, त्याच्यासाठी हा लाभ लहान नाही.

तंजावूरच्या दक्षिणेस असलेल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘अरिवोळि इयक्कम्’ या साक्षरता-चळवळीने वाचन-लेखनाच्या जोडीला स्त्रियांना सायकल चालविण्याचे शिक्षण दिले. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तिला पाठबळ दिले होते. पत्रकार पी. साईनाथ यांच्या लिखाणानुसार या जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल चालवू लागल्या. बस कधी येईल किंवा घरातील पुरुष कधी पोहोचवील, यावर विसंबून राहण्याची त्यांची गरज सायकलीने पुष्कळशी कमी केली. तमिळनाडू शासनही शाळांतील अकरावीच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकली देत आले आहे. अशी सायकल किती वर्षे उपयोगी पडते, हे तिच्या सांध्यांच्या देखभालीवर ठरते. पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा हा सांधा उघडून धुवावा, छरे बदलावेत आणि ताजे ग्रीस भरावे. पान्हा, हातोडा, लोखंडी नळीचा तुकडा आणि अर्धा दिवस एवढ्या सामग्रीवर हे काम होते आणि सांगाड्याचे आटे शाबूत राहिल्यास तीस वर्षांची जुनी सायकलही पुढील वर्षांच्या लाखो फेऱ्यांना तयार होते.